उंड्यांचा चुना

आश्विन लागला की वर्ध्याच्या नालवाडीतल्या आमच्या गल्लीत रंगाऱ्यांच्या शिड्या दिसू लागतात. पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडेही रंगारी आला. त्याने पिशवीतून शेडकार्ड काढून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "मॅडम, कोणता पांढरा?"

मी म्हटलं, "पांढरा म्हणजे पांढरा."

तो हसला. "तसं नाई चालत आता. पांढऱ्यात बी लय प्रकार हायेत. हा पिवळा मारते, हा निळा मारते, अन् हा पाहा, दुधावानी."

मी ते कार्ड अंगणातल्या उजेडात नेलं, चष्मा वर केला, खाली केला. त्यातला एकही पांढरा मला पांढरा वाटेना. नवरा आतून ओरडला, "घे गं कोणताही, भिंतीच तर आहेत!" त्याला काय सांगणार? हा माणूस जन्मभर डिस्टेंपरच्या घरात राहिलेला. ज्या पांढऱ्याला विस्तवातून आणि पाण्यातून जावं लागतं, तो त्याने पाहिलेलाच नाही.

त्याने प्रायमरचा डबा उघडला तेव्हा घरभर एक गोडसर, दवाखान्यासारखा वास पसरला. मला मात्र त्या दिवसापासून दुसराच वास आठवतो आहे. गरम, ओला, नाकात किंचित झोंबणारा. ताज्या विझवलेल्या चुन्याचा.

तो वास आमच्या आत्याच्या अंगणातला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं गाव गिरडच्या पुढे, वर्धा जिल्हा जिथे संपत येतो त्या टोकाला. लहानपणी सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की आम्ही भावंडं थेट तिच्याकडे. एसटीतून उतरलं की दोन्ही बाजूंना सोयाबीनची कापणी चाललेली असायची. वाळलेल्या शेंगांचा खुळखुळ आवाज आणि मळणी यंत्राची पिवळी धूळ. कपाशीचं एखादंच बोंड फुटलेलं. कुंपणाकडेच्या सीताफळांचे डोळे उघडायला लागलेले, आणि आत्या ती उतरवून तांदळाच्या डब्यात पिकत घालायची. पावसाने धुतलेलं ते आश्विनातलं ऊन इतकं स्वच्छ असायचं की लांबच्या टेकडीवरची झाडं मोजता यावीत. त्या उन्हात घरोघरी भिंती पांढऱ्या करायचं काम निघायचं. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाण्याआधी घर पांढरं झालंच पाहिजे, हा आत्याच्या वस्तीतला रिवाज होता. अंगावर पांढरं लुगडं आणि पाठीमागे मळकी भिंत, हे तिला बघवत नसे.

चुना विकत आणायची तिथे पद्धत नव्हती. गावाच्या खालच्या अंगाला नाला आहे. त्याच्या एका वळणावर दरड आहे, वर काळा दगड आणि खाली पांढरट, मध्येच हिरवट मातीचा पट्टा. त्या पट्ट्यात गोल गोल दगड अडकलेले असायचे, मोठ्या नारळाएवढे. भाकरीसाठी पीठ मळून त्याचा उंडा करतात, तसे दिसायचे म्हणून सगळं गाव त्यांना उंडेच म्हणायचं. बायका कुदळीने ते उकरायच्या आणि टोपलीत भरून आणायच्या. नाल्यातले दुसरे दगडही जाळून पाहिले होते म्हणे, पण उंड्यांची सर कशाला नव्हती. उंड्याचा चुना पांढराशुभ्र निघायचा.

अंगणात भट्टी रचली जायची. खाली बाभळीची लाकडं, त्यावर गोवऱ्या, त्यावर उंडे, पुन्हा गोवऱ्या. सकाळी पेटवलेली भट्टी दुसऱ्या दिवशीही धुमसत असायची. गार झाल्यावर उंडा हातात घेतला तर तो चक्क हलका लागायचा, जणू आतलं कोणी उठून गेलं आहे. मग आत्याचे यजमान, आमचे मामाजी, ते भाजलेले उंडे रांजणात टाकून वरून पाणी ओतायचे. आधी काहीच व्हायचं नाही. मग फस्स असा आवाज, मग वाफ, आणि मग खाली विस्तव नसताना ते पाणी खदखदा उकळायचं! आम्ही पोरं ओरडत मागे पळायचो. मामाजी गवंडी होते, कमी बोलायचे, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जादूगारासारखा तोरा असायचा. आत्या आमच्या हातांना तेल चोळून ठेवायची, कारण एवढं करूनही कोणीतरी हात बुडवायचंच.

तिच्या चुन्याची परीक्षा ठरलेली होती. भिंत वाळली की ती कोणालातरी धरून आणायची आणि म्हणायची, "लाव पाठ." तो बिचारा भिंतीला पाठ घासायचा. मग त्याला वळवून ती सदरा निरखायची. डाग नसायचाच. तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसायची, अगदी आवाज न करता, नुसते खांदे हलायचे. शेजारचे गुलाबकाका, वांगी-टमाटे पिकवून समुद्रपूरच्या बाजारात नेणारे, हे हक्काचे परीक्षक. पाठ घासून झाली की मजुरी म्हणून तंबाखूपुरता चुना डबीत भरून न्यायचे.

हे सगळं आठवायला निमित्त रंगाऱ्याचं झालं. पण मनात जो आश्विन रुतून बसला आहे तो बालपणातला नाही. तो करोनाच्या आधीचा, मी चांगली चाळिशी ओलांडल्यावरचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात मामाजी गेले. गावातला विहार जुना, पत्र्याचा होता. तो पाडून पक्का बांधायचं ठरलं, तेव्हा मामाजींनी मागची मोठी भिंत आपल्या अंगावर घेतली. दिवसा लोकांची घरं बांधायची आणि दिवस कलल्यावर ही भिंत चढवायची. भिंत पुरी झाली, गिलावाही झाला, आणि त्यांना ताप आला. दवाखान्यात ते आत्याला म्हणाले, "भिंत उघडी नको ठेवजो." आत्या म्हणाली, "दसऱ्याले पांढरी करतो मी. आपल्या चुन्यानं." त्यांचं शेवटचं धड बोलणं हे एवढंच. विहाराचं उद्घाटन दसऱ्याला ठरलेलं होतं.

मी रजा टाकून आत्याला मदत करायला गेले. एकदोन घरं सोडली तर गावात आता सगळीकडे डिस्टेंपर आला होता. मी तिला सुचवून पाहिलं की तालुक्याहून चुन्याच्या पिशव्या आणू, तोही चुनाच असतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

"त्यायच्या भिंतीले विकतचं लावू? पाठीले निंगते तो. लोकं पांढरे कपडे घालून येतीन अन् पाठीवर डाग घेऊन जातीन."

"आत्या, पांढऱ्या कपड्यावर पांढरा डाग कोणाला दिसणार?"

"मले दिसन," ती म्हणाली.

उंडे आता मुबलक राहिले नव्हते. पिढ्यान्पिढ्या उकरून दरड आत गेली होती आणि वरचा काळा दगड छपरासारखा पुढे आला होता. आम्ही दोघींनी आणि गुलाबकाकांनी मिळून उंडे काढले. अगदी आत एक पुंजका होता, एकमेकांना चिकटून बसलेला, जमिनीत पक्का धरलेला. तो काही हलेना, म्हणून सोडला. निघाले तेवढे भट्टीला पुरेसे होते. घरात एका मडक्यात गेल्या वर्षीचा चुनाही होता, मामाजींनी स्वतः विझवलेला. पाण्याखाली ठेवला की चुना खराब होत नाही, मुरतो. तो आत्याने शेवटच्या हातासाठी राखला होता, विहारातल्या बुद्धमूर्तीच्या मागच्या भागासाठी.

भट्टी रचून झाली. पेटवायची सकाळी. आम्ही ओसरीवर पाय पसरून बसलो होतो, तेवढ्यात फाटकाशी एक बाई दिसली. तिशीतली, डोक्याला टोपी, पाठीवर भलीमोठी पिशवी, कमरेला हातोडी. तिला पाणी हवं होतं. नागपूरच्या एका संस्थेत दगडांचा अभ्यास करते म्हणाली. आत्याने तांब्या दिला. ती पाणी पिता पिता थांबली. तिची नजर भट्टीवर गेली होती. तांब्या हातात तसाच धरून ती उठली, भट्टीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. देवळात बसतात तशी बसली, हे मला तेव्हाच जाणवलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "हे कुठून आणले?"

"नाल्यातून. उंडे व्हय थे. चुन्याचे."

"चुन्याचे?"

"जाळतो आमी. भिंतीले लावाले."

तिने एक उंडा उचलून भिंगाखाली धरला. त्याच्या अंगावर बारीक पुटकुळ्यांची पातळ साल होती. ती आम्ही शेकडो वेळा पाहिली होती आणि एकदाही पाहिली नव्हती. "मावशी, ही अंडी आहेत," ती म्हणाली. "डायनासोरची."

मग गुलाबकाकांनी तोंडातला तंबाखू गालात सरकवला आणि विचारलं, "म्हंजे आमी जो चुना खाल्ला आजलोक, थो..."

"हो काका."

"बाप्पा!" काकांनी डबी खिशातून काढून उघडली, आत पाहिलं, झाकण लावलं. "माया बापानं खाल्ला, आज्यानं खाल्ला. आमच्या सात पिढ्या डायनासोरची अंडी तंबाखूत मळून रायल्या!" आणि तो माणूस जो हसत सुटला, तो खोकला येईपर्यंत थांबला नाही.

गावाला या बातमीचं नवल वाटलं, पण शहरातल्या लोकांना वाटलं असतं तसलं नाही. गिरडच्या टेकडीवर गोल गोल खडे सापडतात. टेकडीवरच्या बाबांची टवाळी केली म्हणून एका व्यापाऱ्याच्या सुपाऱ्या आणि जायफळं दगड झाली, असं आमच्याकडे लहान मुलंही सांगतात. तेव्हा संध्याकाळपर्यंत अंगणात जमलेल्या मंडळींचा निकाल झालाच होता. सुपाऱ्या दगड होतात, तर अंडी काऊन नाई होणार? त्या बाईने, आता ती सगळ्यांची मॅडम झाली होती, सांगितलं की ती खरं तर जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे डायनासोरचं दगड झालेलं शेण शोधायला आली होती. तेव्हा मात्र सगळ्यांनी तिच्याकडे कणवेनं पाहिलं. एवढी शिकलेली पोर, आणि शेण वेचायला नागपूरहून येते.

ती सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो. नाल्यातल्या त्या पांढरट थराला लमेटा म्हणतात. जबलपूरकडे नर्मदेवर त्या नावाचा घाट आहे, त्यावरून ते नाव पडलं. "अंडी आमच्या नाल्यात अन् नाव जबलपूरचं?" आत्याला ते अजिबात पटलं नाही. मॅडमने मातीत बोटाने रेघ ओढली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ पाणी होतं, तळी होती, ओढे होते. आपल्या घराहून लांब मान असलेली जनावरं त्या पाण्याच्या काठी यायची, मऊ जमिनीत खड्डा करायची, अंडी घालायची, वर माती लोटायची. मग जमिनीला भेगा पडून आतून तापलेला रस बाहेर आला, तो पसरला, निवला. तोच आपला काळा दगड. त्या काळ्याच्या खाली हे पांढरं राहून गेलं.

मी वर्ध्यात वाढले, काळ्या दगडाच्या पायऱ्या चढले, काळ्या मातीची भाजी खाल्ली. या काळ्याच्या खाली कोणाचं तरी बाळंतपण आहे हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. आजही देवळीच्या रस्त्याने जाताना बसच्या खिडकीतून काळं रान दिसतं, तेव्हा मला त्याच्याविषयी एक आदर वाटतो. इतकं मोठं जनावर, त्याला इतकी लहान अंडी, आणि ती ठेवायला त्याने आमच्या नाल्याची कड पसंत केली! पाणी जवळ, जमीन मऊ, ऊन भरपूर. बाईमाणसाने पाहावं तसंच सगळं पाहिलेलं. जागा चांगलीच होती. आमच्या पूर्वजांनीही गाव वसवताना तीच पाहिली.

आत्या भट्टीतल्या उंड्यांकडे पाहत होती. मग तिने विचारलं, "पिल्लं निंगली का यातून?"

"फुटलेली असतात ना, त्यातून निघाली असतील. ही अख्खी आहेत." मॅडम थांबली. "अख्खी राहिली म्हणजे बहुतेक नाहीच निघाली."

"अन् माय?"

"ती बसत नसावी अंड्यांवर. एवढ्या वजनाची. घालून निघून जात असेल."

आत्याने मान हलवली, ते पटून की न पटून, मला कळलं नाही. मग ती सरळच म्हणाली, "मॅडम, मले दसऱ्याले विहाराची भिंत पांढरी कराची हाय. मालकाले शब्द देल्ला हाय मी. तुमी हे उंडे नेता का?"

त्या पोरीचं मला आजही कौतुक वाटतं. ती हक्क सांगू शकली असती, भीती घालू शकली असती. तिने तसलं काही केलं नाही. ती म्हणाली, "मावशी, जी तुम्ही काढून आणली ती जागेवरून हलली. त्यांच्याकडून मला आता थोडंच कळेल. दोनतीन द्या, बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा. पण दरडीत जी उरली आहेत ना, ती मला हवीत, जशी आहेत तशी. मी दसरा झाला की आमच्या सरांना घेऊन येते. तोवर नीट सांभाळाल?"

"सांभाळतो," आत्या म्हणाली.

म्हणजे भट्टी आमचीच होती. सकाळी मी काडेपेटी घेऊन अंगणात आले तर आत्या तिथे नव्हती. ती नाल्यावर सापडली, दरडीसमोर उकिडवी बसलेली. आत तो पुंजका होता. आदल्या दिवशी मला तो नुसता अडचणीचा वाटला होता. आता सकाळचं तिरपं ऊन आत गेलं होतं आणि ती अंडी इतकी अंड्यांसारखी दिसत होती, की आम्हाला इतकी वर्षं कळलं कसं नाही याचंच हसू यावं. एकाला एक टेकून, अंग चोरून बसल्यासारखी. मला ती सुंदर वाटली. हे मी तेव्हा आत्याला बोलले नाही, कारण मला भिंतीची काळजी होती.

"चल, भट्टी पेटवू," मी म्हटलं.

"नाई पेटवत."

मला राग आला. मी म्हटलं, "आत्या, यांना मरून कोट्यवधी वर्षं झाली. मामाजींना जाऊन अजून सहा महिनेही झाले नाहीत. तू शब्द कोणाला दिला होतास?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मेले कुठी थे? जल्मलेच नाई."

घरी येऊन तिने भट्टी उकलायला घेतली. वरच्या गोवऱ्या काढल्या, एकेक उंडा पदराने पुसला, मॅडमने मागितलेले दोनतीन बाजूला ठेवले आणि बाकीचे टोपलीत भरून पुन्हा दरडीच्या पायथ्याशी नेऊन मांडले. डोक्यावरून आणलेलं ओझं डोक्यावरूनच परत गेलं. मी तिच्या मागून दुसरी टोपली घेऊन चालत होते आणि मनातल्या मनात भांडत होते. दुपारी जेवताना मी तिला म्हटलं, "निदान मडक्यातला चुना आहे. मूर्तीमागचा भाग तरी पांढरा करू." ती "पाहू" म्हणाली आणि ताटाकडे पाहत राहिली.

दसऱ्याला भिंत तशीच होती. सिमेंटचा राखाडी गिलावा, मामाजींच्या थापीचे फराटे दिसत असलेला. गाव पांढऱ्या कपड्यांत आलं होतं. वंदना झाली, भाषणं झाली, खीर झाली. लोक आत्याच्या तोंडावर काही बोलले नाहीत, पण भिंतीकडे बघून एकमेकांकडे बघत होते, ते मला दिसत होतं. मूर्तीमागेसुद्धा चुन्याचा एक हात लागलेला नव्हता. मी तिला हळूच विचारलं, "मडकं कुठंय?" ती म्हणाली, "राहू दे आता." तिने डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, हिने एका दगडासाठी हे सगळं गमावलं.

मॅडम सांगितल्याप्रमाणे आली, सरांना आणि विद्यार्थ्यांना घेऊन. मी परतीची पिशवी भरून ठेवली होती, तरी त्यांच्यासोबत नाल्यावर गेले. आणि वळणावर आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो.

दरडीसमोरची जमीन शेणाने सारवलेली होती. त्यावर रांगोळी होती. झेंडूची फुलं होती. आणि आत, काळ्या दगडाच्या छपराखाली, तो सगळा पुंजका पांढराशुभ्र होता. प्रत्येक अंड्याला काळजीपूर्वक चुन्याचा हात मारलेला.

सरांनी डोक्याला हात लावला. एक विद्यार्थी "अरे देवा" म्हणाला. आत्या मात्र पुढे झाली. घरी पाहुणे आले की सांगतात, तशा समाधानाने तिने सांगितलं, "तुमी नीट सांभाळजा म्हटलं होतं. सारवून ठेवलं. सणाचं उघडं काऊन ठेवावं?"

'जशी आहेत तशी' याचा अर्थ त्या लोकांच्या पुस्तकात 'हात लावू नका' असा आहे. आमच्याकडे कोणी आपल्या भरवशावर लेकराबाळांची वस्तू ठेवून गेलं, आणि ती आपण तशीच धुळीत ठेवली, तर ती बेपर्वाई होते. हे मॅडमला कळायला थोडा वेळ लागला. तिने बोट लावून पाहिलं. "मावशी, हा चुना कुठला?"

"मालकानं इझवला होता गेल्या साली. मडक्यात ठेवला होता." आत्याने लुगड्याला हात पुसले. "याच्यातलाच व्हय थो. यायच्याच भाऊ-बहिणीचा. यायचा यायले वापस देल्ला."

मग ती माझ्याकडे वळली. तिला माझा राग माहीत होता. "मी त्यायले म्हटलं होतं, पांढरं करतो. भिंत म्हणाले थे. पन घर तं हेबी घरच हाय न, रंजू? त्यायले सांगन मी. समजतीन थे. गवंडी होते."

मी रडले. विद्यार्थ्यांसमोर, सरांसमोर, पिशवी खांद्याला तशीच ठेवून.

पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं, मॅडमने ओल्या ब्रशने दिवसचे दिवस बसून तो चुना सोडवला. काही अंडी प्लास्टरमध्ये बांधून नेली, बाकीची जागेवरच ठेवली. पंचायतीने वर पत्रा घातला. एका कडेच्या अंड्याचा चुना मात्र तिने काढला नाही. सरांना म्हणाली म्हणे, एक राहू द्या. विहाराच्या भिंतीला पुढच्या वर्षी गावातल्या पोरांनी वर्गणी काढून डिस्टेंपर दिला. त्याचा आता पापुद्रा सुटायला लागला आहे, पाठीलाही निघतो. आत्याची त्याबद्दल काही तक्रार नाही. गुलाबकाका कारखान्यातल्या चुन्याची ट्यूब वापरतात आणि तिला चव नाही म्हणून कुरकुरतात.

रंगाऱ्याचं काम अर्धवट टाकून मी गेल्या रविवारी आत्याकडे जाऊन आले. तिला आता काठी लागते, पण नाल्यावर यायचा हट्ट तिचाच. सोयाबीन कापून झालं होतं. सीताफळांचे डोळे उघडले होते. पर्समध्ये ते शेडकार्ड तसंच राहिलं होतं. मी ते बाहेर काढून त्या कडेच्या अंड्याशी धरलं, एकेक पट्टी लावून पाहिली. आत्या विचारत होती, काय करून राह्यली तू? मी म्हटलं, रंग जुळवते आहे. कोणताच जुळला नाही.

मी कार्ड परत ठेवलं. आत्या काठीवर दोन्ही हात टेकून उभी होती.

"लाव हात," ती म्हणाली.

मी त्या अंड्यावर तळहात ठेवला आणि घासला, चांगला दाबून. मग हात उजेडात आणून तिला दाखवला. तिने तो आपल्या हातात धरला, डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. डाग नव्हता. आत्याने तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.